मिटलेल्या टेबलातले चिंचोके

व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड टेबलाच्या पायाला लागलं की आत चिंचोके वाजायचे. आवाज अगदी थोडा. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आला नसता. नवरा गेल्यानंतर दोन वर्षं मी तो आवाज ऐकत होते. चिंचोके कुणाचे आहेत, आत कसे राहिले, हे मला ठाऊक होतं. टेबल उघडलं की ते समोर येतील, म्हणून मी टेबल उघडलं नव्हतं.

गेल्या शरदात वेस्ट विंडसरचं आमचं घर विकलं गेलं. मी अल्फारेटाला मुलीकडे राहायला जायचं ठरलं होतं, आणि जायच्या आधी घरातल्या एकेका वस्तूचं काय करायचं ते मला सांगावं लागत होतं. पुस्तकांचं सांगून झालं. भांड्यांचं झालं. जेवणघरातलं काचेचं कपाट एक तरुण जोडपं येऊन घेऊनही गेलं. टेबलाचं तेवढं सांगता येईना. ठेवायचं असो की विकायचं, ते एकदा उघडून आतलं काढून घ्यावं लागणारच होतं. सगळं चिंचोक्यांशी येऊन थांबत होतं.

ते टेबल इंग्लंडमधलं, अठराव्या शतकातलं, पत्ते खेळण्यासाठी केलेलं. पण हे आम्हाला घेताना माहीत नव्हतं. आम्ही ते देवांसाठी घेतलं होतं.

डेलावेअर नदीकाठच्या एका गावात कुणा बाईंचं घर रिकामं करायला काढलं होतं. बाई गेल्या होत्या. तिथल्या दिव्यांना, उशांना, चहाच्या किटलीलासुद्धा किमतीच्या चिठ्ठ्या लटकत होत्या आणि अनोळखी माणसं त्यांची कपाटं उघडून आत बघत होती. मला तिथून लवकर निघायचं होतं. नवरा मात्र एका भिंतीशी जाऊन उभा राहिला. तिथे एक अरुंद, काळपट तांबूस टेबल होतं. पुढचे दोन कोपरे कानांसारखे गोल बाहेर आलेले, पाय गुडघ्यात वाकल्यासारखे, आणि पावलांच्या जागी पंजे. प्रत्येक पंजात एक गोळा घट्ट धरलेला.

"हा बघ, शरभ," तो म्हणाला. आपल्याकडे किल्ल्यांच्या दरवाज्यांवर पंजात हत्ती धरलेला जो प्राणी कोरलेला असतो, तो त्याला आठवला होता. "आपल्या गणपतीला असंच पाहिजे. इतके दिवस बिचारा खोक्यावर बसतोय."

त्या वेळी आमचे देव जेवणघरात पुस्तकांच्या एका उपड्या खोक्यावर होते. टेबल घरी आलं आणि देव त्यावर बसले. इथल्या जुन्या धाटणीच्या अमेरिकी घरांच्या जेवणघरात भिंतीवर कमरेइतक्या उंचीला एक लाकडी पट्टी फिरवलेली असते. टेबलाची कड त्या पट्टीच्या किंचित खाली बसली, जणू माप घेऊन केलेली. गोल कोपऱ्यांवर निरांजनं बरोबर मावायची. दोन वर्षं आम्ही त्या टेबलाची रोज पूजा केली म्हटलं तरी चालेल.

तिसऱ्या वर्षी गणपतीच्या दिवशी सकाळी आमच्याकडे शेजारच्या रस्त्यावरचे डॉक्टर आणि त्यांची बायको मदतीला आले होते. मुलगी त्यांना काका-काकू म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायचो. मूर्ती अजून खोक्यात होती, आणि तिला जागा व्हावी म्हणून रोजचे देव बाजूला ठेवले होते. दिव्यांच्या माळेचा प्लग टेबलामागच्या सॉकेटमध्ये घालायला नवरा भिंतीकडून आत शिरला आणि त्याचा आवाज आला.

"अगं, पाय आला हातात."

"कुणाचा?"

"टेबलाचा! आणखी कुणाचा येणार?"

"मोडलास ना शेवटी? तरी म्हणत होते, प्लग आधी लाव."

काका खाली वाकून बघायला लागले. "मोडला नाहीये. हा फिरतोय हो. बिजागरी आहे इथे."

मागचा पाय दारासारखा बाहेर आला होता. तो का बाहेर येतो हे पुरुषांना कळेना. काकूंनी टेबलाच्या वरच्या फळीखाली नखं घातली आणि ती पुस्तकाच्या मुखपृष्ठासारखी उलटली. फळी उघडून त्या पायावर टेकली, आणि अरुंद टेबलाचं चौकोनी टेबल झालं. आत हिरवी बनात पसरलेली. जुन्या वकिलांच्या टेबलांवर असायचं तसलं लोकरी कापड. चार कोपऱ्यांना चार गोल सपाट जागा, आणि प्रत्येक बाजूला लाकडात कोरलेला बदामाच्या आकाराचा एक उथळ खळगा.

"हळद-कुंकवाची सोय," नवरा म्हणाला. "साहेबानं विचार केलाय सगळा."

"हळद-कुंकू कसलं," काका म्हणाले. "अहो, हे जुगाराचं टेबल आहे. खळगे पैशांसाठी. दोन वर्षं देव बसलेत तुमचे जुगाराच्या अड्ड्यावर!"

मला खरंच कसंतरी झालं. काकूंना मात्र काहीच वाटलं नाही. "त्यात काय झालं?" त्या म्हणाल्या. "शंकर-पार्वती सारीपाट खेळत नव्हते? भांडत पण होते. गणपतीला आई-बापांचं सगळं ठाऊक आहे. मिटा ते आणि बसवा त्याला. दुपारी आरती झाली की सतरंजीवर पत्ते काढू."

तसंच झालं. विसर्जनानंतर आम्ही देवांना स्वयंपाकघरात नवीन फडताळ करून दिलं. टेबलाकडे पत्ते आले.

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करत होते. वस्तूपेक्षा वस्तूबद्दलचं पुस्तक मला आधी समजतं. मी लाकूडकामावरची जाडजूड पुस्तकं घरी आणली आणि संध्याकाळी नवऱ्याला वाचून दाखवायला लागले. त्या टेबलात निखळ इंग्रजी असं फार थोडं निघालं. वाकलेला पाय फ्रान्सकडून आलेला. शेळी उडी मारायच्या आधी पाय वाकवते, तसा तो आहे म्हणतात. पंजातला गोळा चीनचा असावा, ड्रॅगननं धरलेला मोती. बंदरांतून आलेल्या चिनी कापडांवर, भांड्यांवर तो बघून सुतारांनी उचलला, असं मानतात. लाकूड महोगनी, कॅरिबियन बेटांवरच्या जंगलातलं, गुलामांनी तोडलेलं. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक तिथेच मिटलं. आणि खळग्यांत नाण्यांऐवजी बऱ्याचदा शिंपल्याचे छोटे मासे ठेवत. तेही चीनमध्ये कोरून मागवलेले.

"म्हणजे साहेबाचं काय ह्यात?" नवऱ्यानं विचारलं.

"पावसाळी संध्याकाळ," मी म्हणाले. "आणि पाहुणे."

मला सगळ्यांत आवडली ती एक साधी गोष्ट. त्या काळी तिकडच्या घरांत सामान खोलीच्या मध्ये राहत नसे. खुर्च्या, टेबलं, सगळं भिंतीला लावून उभं. माणसं आली की नोकर ते मध्ये आणायचे, उघडायचे, आणि माणसं गेली की पुन्हा मिटून भिंतीशी. आमच्या जेवणघराच्या भिंतीवरची ती लाकडी पट्टीसुद्धा त्यातूनच आलेली. खुर्च्यांच्या पाठी लागून भिंत खराब होऊ नये म्हणून. आता कुणी खुर्च्या भिंतीला लावत नाही, पण इथले बिल्डर अजून पट्टी लावतात. माणसं नसतात तेव्हा अर्धं होऊन राहणारं टेबल ही कल्पना मला तेव्हा फार हुशारीची वाटली होती.

शिंपल्याच्या माशांच्या जागी आमच्याकडे चिंचोके आले. काकूंनी चिंच कोळून झाल्यावर धुऊन, वाळवून आणले. शुक्रवारी रात्री चौघांचा मेंढीकोट व्हायचा. जिंकलेला डाव म्हणजे एक चिंचोका. मुलगी लहानपणी त्यांना 'चिंचूज' म्हणायची आणि टेबलाखाली बसून पंज्यांतल्या गोळ्यांना टोपणनावं द्यायची.

मग काका-काकू मुलाकडे प्लेनोला गेले. फोनवर काकू म्हणायच्या, घर केवढं मोठं आहे, पण समोरच्या घरात कोण राहतं ते माहीत नाही. मुलगी कॉलेजला गेली, मग नोकरीला. आम्ही दोघं उरलो, आणि मुलगी लहान असल्यापासून इतर रात्री आम्ही दोघं खेळायचो तो सात-आठ तेवढा उरला.

हा खेळ आता फारसं कुणी खेळत नाही, म्हणून थोडं सांगते. तीस पानं, पंधरा हात. हुकूम बोलणाऱ्यानं आठ हात करायचे, दुसऱ्यानं सात. ज्याला जितके कमी पडतील, त्याच्या पानांतून समोरच्यानं पुढच्या डावात तितकी पानं ओढायची. ओढायची म्हणजे उलट्या बाजूनं, न बघता. ओढून झालं की आपल्याकडची नको असलेली पानं बदल्यात द्यायची. पुढच्या डावात किती पानं ओढायची आहेत हे लक्षात राहावं म्हणून आम्ही तितके चिंचोके खळग्यात ठेवायचो.

नवरा चांगला खेळायचा. त्याचे हात नेहमी जास्त व्हायचे. ओढताना मात्र त्याचं नशीब इतकं वाईट की मला हसू यायचं. माझ्याकडे दोन एक्के असोत, राजे असोत, त्याच्या बोटांना नेमकी अठ्ठी नाहीतर नश्शी लागायची. "काय हे माझं नशीब," म्हणत तो ते पान उलटून बघायचा आणि मान हलवायचा. मी म्हणायचे, "केमिस्ट ना तू? जरा अंदाज बांधायला शीक."

तो स्वयंपाकघराकडे पाठ करून बसायचा. मी त्याच्यासमोर, काचेच्या कपाटाकडे पाठ करून. आमच्या जागा कधी बदलल्या नाहीत.

शेवटचा डाव फेब्रुवारीतला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला हॉस्पिटलमध्ये जायचं होतं, हृदयाच्या एका प्रोसिजरसाठी. मी हुकूम बोलून पाच हातांवर अडकले. त्यानं त्याच्या खळग्यात तीन चिंचोके टाकले. बॅग भरायची राहिली होती, म्हणून मी उठले.

"चिंचोके काढ मग मिट," मी म्हणाले.

"राहू देत. आल्यावर ओढतो."

त्यानं माझ्या बाजूची फळी उचलली आणि त्याच्या बाजूवर मिटली. आत खुळखुळ आवाज झाला. टेबल त्यानं एकट्यानं भिंतीशी सरकवलं. तो परत आला नाही.

तेराव्या दिवसानंतर त्याचा फोटो कुठे ठेवायचा असा प्रश्न आला तेव्हा मी काही विचार न करता टेबलावर ठेवला. एका गोल कोपऱ्यावर निरांजन, दुसऱ्यावर फुलं. येणारे-जाणारे म्हणायचे, किती छान जागा केलीस. हळूहळू माणसं येईनाशी झाली. त्यात कुणाचा दोष नाही. ज्याचं त्याचं दुखणं, नातवंडं, दुसरी गावं. फोटो वर असल्यामुळे टेबल उघडायचा प्रश्नच येत नव्हता. मी दिवा लावायचे, धूळ पुसायचे. जेवण मी स्वयंपाकघरात उभ्यानंच करायला लागले. कधी कधी काही कारण नसताना टेबलाला गुडघा लावायचे आणि ऐकायचे.

घर विकायला काढल्यावर मुलीनं लिलाव करणाऱ्या एका कंपनीतल्या बाईंना टेबल बघायला पाठवलं. चटपटीत, तरुण बाई होत्या. फोनचा टॉर्च लावून त्यांनी पंजे बघितले, खालची चौकट बघितली. "ब्राउन फर्निचर," त्या म्हणाल्या. काळपट लाकडाचं जुनं सामान आता तरुण लोकांना नको असतं. पण वस्तू अस्सल आहे. वरच्या फळीवरचा तेलाचा डाग काढता येईल. उघडून बघू का?

"आज नको," मी म्हणाले.

त्यांना ते विचित्र वाटलं असावं. त्यांनी एक बाजू जरा उचलून बघितली. चिंचोके वाजले.

"आत काहीतरी सुटं आहे."

"बिया आहेत."

"बिया?" त्यांनी टेबल पटकन खाली ठेवलं. "कीड लागेल हो लाकडाला."

दारापर्यंत जाताना त्यांनी एकदा मागे वळून फोटोकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "टेक युअर टाइम." बाई वाईट नव्हत्या.

पण वेळ नव्हता. शेवटच्या आठवड्यात मुलगी आली. तिनं अल्फारेटाच्या घराचा नकाशा फोनवर आणला होता, आणि मापाची टेप.

"आई, आय हॅव ट्राइड एव्हरीथिंग," ती म्हणाली. "तिकडे भिंतच नाहीये. सगळं ओपन आहे, सगळीकडे विंडोज. हे कुठे ठेवणार?"

"मग राहू दे. त्या बाईंना फोन कर."

"तुला हवंय की नाही, ते सांग ना."

मी मापाची टेप गुंडाळायला लागले. ती माझ्याकडे बघत राहिली. तिचं बघणं बापासारखं आहे. उत्तराची घाई नसलेलं.

"तू दोन वर्षांत एकदा पण उघडलं नाहीस?"

"नाही."

"व्हाय?"

मी तिला सांगितलं. फेब्रुवारीचा डाव, तीन चिंचोके, 'आल्यावर ओढतो'. मराठीत सांगितलं. सगळं कळलं तिला. ती उठली, दोन्ही हातांनी फोटो उचलला आणि नीट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. आम्हा दोघींकडे तोंड करून. मग टेबलाचं एक टोक धरून म्हणाली, "ये. तू ती साइड धर."

आम्ही टेबल खोलीच्या मध्ये आणलं. खोली जवळजवळ रिकामी होती, त्यामुळे पंजे फरशीवर घासल्याचा आवाज मोठा झाला. मागचा पाय मी फिरवला. फळी तिनं उलटली. हिरवी बनात इतकी ताजी दिसली की मला बघवेना. त्याच्या बाजूच्या खळग्यात तिन्ही चिंचोके होते. एकावर बारीक चीर गेली होती.

मी त्यांना हात लावायच्या आत मुलगी त्याच्या जागी खुर्ची ओढून बसली.

"देन आय इन्हेरिट देम," ती म्हणाली. "पत्ते आण."

"अगं, काहीतरीच काय?"

"काहीतरीच नाही. बाबानं मला शिकवलंय. मी ओढणार. आण ना, आई."

पत्ते एका बांधलेल्या खोक्यात होते. मी चिकटपट्टी फाडून ते काढले, छोटी पानं बाजूला केली, पिसले. मग वाटायला लागले. ती चिंचोके बोटानं इकडेतिकडे सरकवत बसली होती. मग माझ्या मागे, जिथे आता नुसती भिंत होती, तिकडे बघून हसली.

"कपाट गेलं."

"विकलं. तुला सांगितलं होतं की."

"बाबा त्याच्यात तुझे पत्ते बघायचा. यू न्यू दॅट, राइट?"

मी वाटायची थांबले.

"काचेत रिफ्लेक्शन दिसायचं," ती म्हणाली. "दिवा लावला की क्लिअर. मी लहान असताना त्याच्या मांडीवर बसायचे ना, मला पण दिसायचं. मी एकदा बोटानं दाखवायला गेले तर त्यानं माझं बोट धरलं. 'चूप,' म्हणाला. 'एक्का घेतला तर आई खेळायची बंद होईल.'"

"मग तो…"

"ही ऑलवेज टुक द बॅड वन्स. मुद्दाम."

इतकी वर्षं मी त्याच्या नशिबाला हसले होते. तेव्हा तो माझ्या खांद्यावरून मागे बघत असायचा आणि मला वाटायचं, विचार करतोय.

"वाट ना," मुलगी म्हणाली.

मी वाटलं. पहिल्या पाच पानांवर हुकूम मीच बोलले, इस्पिक, कारण एक्का माझ्याकडे आला होता. उरलेली पानं वाटून झाल्यावर मी सगळी पंख्यासारखी धरली आणि पानांची पाठ तिच्याकडे केली. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं. माझ्या मागे भिंत होती, मोकळी, कपाटाच्या जागी जरा उजळ.

"तिकडे भिंत नाही तर उघडंच ठेवू," ती पानांवरून बोट फिरवत म्हणाली. "मध्येच. लोक आदळतील. आदळू देत."

तिनं पहिलं पान ओढलं. चौकटचा दहिल्ला. दुसरं ओढलं, किलवरची राणी. तिसऱ्याला तिचं बोट एक्क्यावर येऊन थांबलं. माझ्या चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून मी खळग्याकडे बघत राहिले. तिला काहीच दिसत नव्हतं. तिनं ओढलं, उलटून बघितलं.

"ओह, आई. सॉरी!"

"सॉरी काय त्यात. खेळ आहे."

"परत देऊ?"

"मुळीच नाही."

तिनं एक्का आपल्या पानांत घालून घेतला, विचार करून तीन पानं निवडली आणि बनातीवरून माझ्याकडे सरकवली. तिन्ही चिंचोके तिनं खळग्यातून काढून टेबलाच्या मधोमध ठेवले. तिनं दिलेल्या पानांत सर्वांत वर बदामची सत्ती होती. मी ती माझ्या पानांत लावली.

"चल," मी म्हणाले. "पान उतर."